केबिन अधांतरी थांबली तर? थीम पार्कमधल्या गोंडोलांबद्दल वाचकांचे प्रश्न

सुट्टीच्या सहली ठरू लागल्या की थीम पार्कमधल्या केबल कारबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बरीचशी पत्रं एकाच भीतीची होती: वर अडकलो तर खाली कसे येणार? त्यातले निवडक प्रश्न आणि रोपवेच्या सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी दिलेली उत्तरं.

प्रश्न : मुलगी फ्लोरिडात असते. डिसेंबरात आम्ही दोघं आणि माझी ऐंशी वर्षांची आई तिच्याकडे जाणार आहोत. डिस्ने वर्ल्डमध्ये ‘स्कायलायनर’ गोंडोलात बसायचा बेत आहे. पण ती सुरू झाल्यावर आठवड्याभरातच बंद पडून लोक तासन्‌तास लटकले होते, असं वाचलं. आईला घेऊन बसावं का? (नागपूर)

बसा. काय झालं होतं ते मात्र नीट समजून घ्या, म्हणजे भीती योग्य ठिकाणी राहील.

स्कायलायनर २९ सप्टेंबर २०१९ला सुरू झाली आणि ५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी डिस्नेच्याच एपकॉट पार्ककडे जाणारा मार्ग ठप्प झाला. रिव्हिएरा रिसॉर्टच्या स्टेशनात काही केबिन एकमेकांवर येऊन अडकल्या आणि त्यामुळे दोरावरच्या बाकीच्या केबिनही जागच्या जागी थांबल्या. काही प्रवासी तीन तासांहून जास्त वेळ वर होते. काहींना अग्निशमन दलाने शिडीच्या गाडीतून उतरवलं. एकही केबिन खाली पडली नाही. सेवा १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. तपासणीनंतर कार्यपद्धतीत आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बदल केल्याचं आणि प्रवाशांना माहिती देण्याची पद्धत सुधारत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

या प्रकारच्या रोपवेत अडचण अधांतरी कमी आणि स्टेशनात जास्त उद्भवते. वर सतत फिरणारा एकच पोलादी दोर असतो. तोच केबिन पेलतो आणि तोच ओढतो. केबिनच्या डोक्यावरची स्प्रिंगची पकड त्याला घट्ट धरून असते. स्टेशनात शिरताना ही पकड उघडते, केबिन दोरापासून सुटते आणि रबरी टायरांच्या रांगेवरून अगदी मंद गतीने, सेकंदाला पाव-अर्धा मीटर, पुढे सरकते. त्याच वेळी बाहेरचा दोर मात्र सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने पुढची केबिन आणतच असतो. स्टेशनातली एक केबिन अडली आणि लाइन क्षणात थांबली नाही, तर मागची तिच्यावर येणार. म्हणून स्टेशनभर सेन्सर बसवलेले असतात. दोन केबिनमधलं अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झालं, की त्यांनी अख्खी लाइन थांबवायची.

आईंबद्दल दोन गोष्टी. स्कायलायनरच्या स्टेशनांत व्हीलचेअरसाठी वेगळा फेरा आहे. तिथे केबिन पूर्ण उभी राहते. आई चालत असल्या तरी स्वागताच्या कर्मचाऱ्याला सांगून त्या फेऱ्यातूनच चढा. दुसरं म्हणजे केबिनमध्ये एसी नाही. हवा झरोक्यांतून खेळते, तीही केबिन चालती असताना चांगली. डिसेंबरात त्रास होऊ नये, पण फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात भर दुपारी वृद्धांना घेऊन बसू नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : वीज गेली तर केबिन तिथेच राहते का? उतारावर मागे घसरत नाही का? (सांगली)

घसरत नाही. रोपवेचे ब्रेक स्प्रिंगने दाबलेले असतात आणि तेलाच्या दाबाने उघडे धरलेले असतात. वीज गेली की तेलाचा दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. एक ब्रेक मोटरकडच्या वेगवान दांड्यावर असतो. दुसरा थेट त्या मोठ्या चाकावर असतो, ज्याला वळसा घालून दोर फिरतो. गिअरबॉक्स तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

त्यानंतरचा क्रम पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आधी जनरेटरवर मुख्य मोटर चालवून बघतात. ते जमलं नाही तर डिझेल इंजिनावरची राखीव यंत्रणा जोडतात. तीही गिअरबॉक्समधून जात असेल आणि गिअरबॉक्सच निकामी असेल, तर मोठ्या चाकाला थेट जोडणारी आणीबाणीची यंत्रणा वापरतात. या गतीला केबिन रांगत येतात, पण येतात. बहुतेक बिघाडांत सुटका याच मार्गाने होते आणि प्रवाशांना वाटतं, नुसता उशीर झाला.

या पायऱ्या कुठे संपतात? मोठ्या चाकाचा बेअरिंग जाम झाला, खांबाला केबिन अडकली किंवा खांबांवरच्या कप्प्यांवरून (ज्या छोट्या चाकांवरून दोर धावतो त्यांवरून) दोर उतरला, तर इंजिन कितीही असोत, लाइन फिरवता येत नाही. दोर उतरला तर त्याला झेलणारे हूक कप्प्यांजवळ असतात. तिथेच एक ठिसूळ दांडीही असते. दोर तिच्यावर पडला की ती मोडते आणि सुरक्षेचं सर्किट तुटून लाइन थांबते. ही दांडी मोडल्याचा इशारा आला असताना, खांबावर चढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लाइन पुन्हा चालू करणं ही ऑपरेटरच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक. खाली उभे असलेले नातेवाईक ओरडत असतात, व्यवस्थापक घाई करत असतो. नेमकं तेव्हाच बटणापासून हात दूर ठेवावा लागतो.

प्रश्न : सिंगापूरच्या सहलीत केबल कार दोन-तीनदा मध्येच अर्धा-एक मिनिट थांबली. बिघाड होता का? (पुणे)

बहुधा नाही. कुणाला चढायला वेळ लागला, दार नीट मिटलं नाही, लहान मूल धावलं, की कर्मचारी लाइन हळू करतो किंवा थांबवतो. थांबल्यावर केबिन पुढेमागे झुलते, तेही अपेक्षितच असतं. पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला आणि घोषणाही झाली नाही, तर केबिनमधलं बोलण्याचं बटण दाबून विचारावं.

प्रश्न : दोराने खाली उतरवतात म्हणजे नेमकं काय करतात? माझं वजन ११० किलो आहे आणि बायको साडी नेसते. आमच्यासारख्यांचं काय? (कोल्हापूर)

आधी एक उदाहरण. १८ फेब्रुवारी २०१९ला अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या सीवर्ल्ड पार्कमध्ये वाऱ्याच्या जोरदार झोताने रोपवेचा सर्किट ब्रेकर पडला आणि मिशन उपसागराच्या पाण्यावर पाच केबिनमध्ये सोळा जण अडकले. त्यात एक तान्हं मूलही होतं. बचावपथकाने एकेकाला पट्ट्यात बसवून दोराने खाली जीवरक्षकांच्या बोटींत उतरवलं. त्याला जवळजवळ चार तास लागले. सगळे सुखरूप उतरले.

आता कृती. सर्वांत आधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात आणि किल्ली पथकप्रमुखाच्या खिशात जाते. दोर आता हलणार नाही याची खात्री झाल्याशिवाय कुणीही त्यावर जात नाही. मग एक जण खांबाच्या शिडीवरून चढतो. त्याच्याकडे चाकांची छोटी बैठक असते. ती दोरावर अडकवून, स्वतःला दुहेरी बांधून, ब्रेक धरत तो उताराच्या दिशेने केबिनपर्यंत सरकतो. केबिनच्या छतावर उतरून वरच्या दांड्याला उतरवण्याचा दोर बांधतो, बाहेरून खास किल्लीने दार उघडतो आणि आत येतो. दार आतून उघडत नाही ते मुद्दाम. आत आल्यावर तो पहिली काही मिनिटं बोलण्यातच घालवतो आणि ती वाया जात नाहीत. घाबरलेला माणूस दाराची चौकट धरून बसला, तर सगळा हिशेब कोलमडतो.

प्रवाशाला बहुतेक ठिकाणी त्रिकोणी कापडी बैठक देतात. ती पाठीमागून येते, एक टोक पायांमधून पुढे घेतात आणि तिन्ही कड्या छातीसमोर एका हुकात अडकवतात. दोराचा ताबा जमिनीवरच्या माणसाच्या हातात, घर्षणाने अडवणाऱ्या उपकरणातून असतो. वेग साधारण सेकंदाला अर्धा ते एक मीटर. मध्ये थांबवत नाहीत. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिलं तर पायांत रक्त साचून माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून खाली येताना पाय हलवत राहा.

आधी एखादा धडधाकट मोठा माणूस उतरवणं चांगलं. मागून येणाऱ्या मुलांना जमिनीवर ओळखीचा चेहरा दिसतो. मुलं आणि वृद्ध मध्ये, आणि केबिनमध्ये मूल एकटं राहणार नाही असा क्रम लावतात.

तुमच्या वजनाचं: साहित्य त्याहून बऱ्याच जास्त भाराचं असतं, पण विचारल्यावर खरा आकडा सांगा. घर्षणाच्या उपकरणात दोराचे किती वेढे घ्यायचे ते त्यावर ठरतं. आकडा कमी सांगितला तर खालच्या माणसाला दोर आवरणं जड जातं. साडीचं: पायांमधून पट्टा जाणार आहे, त्यामुळे निऱ्या वर घेऊन काष्ट्यासारखी खोचायची आणि पदर कमरेला घट्ट गुंडाळायचा. ओढणीही गळ्यात ठेवू नये. पर्स, पिशवी, कॅमेरा केबिनमध्येच राहतो. चष्मा आणि फोन बंद खिशात. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, मणक्याचा त्रास असलेला रुग्ण यांनी पट्टा बांधण्याआधीच सांगायचं. त्यांच्यासाठी वेगळा पट्टा, स्ट्रेचर किंवा शिडीची गाडी आणता येते.

प्रश्न : हेलिकॉप्टर सरळ का बोलावत नाहीत? झारखंडला तर वायुसेनेनेच लोकांना काढलं. (नाशिक)

झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर १० एप्रिल २०२२ला, रामनवमीच्या दिवशी, अपघात झाला. केबिन दरीवर अडकल्या होत्या, म्हणून हेलिकॉप्टर अपरिहार्य ठरलं. जवानांच्या जिद्दीनेच चाळीसहून अधिक लोक वाचले. पण त्या दुर्घटनेतल्या तीन मृत्यूंपैकी दोन जण हेलिकॉप्टरकडे ओढून घेताना खाली पडले. पंख्याचा वारा केबिनला झोके देतो, वरच्या दोराला टाळून लोंबता दोर केबिनच्या दारापाशी न्यावा लागतो आणि अंधार पडला की बहुतेकदा थांबावं लागतं.

सिंगापूरलाही २९ जानेवारी १९८३ला सेंटोसाच्या केबल कारच्या दोराला एका जहाजावरचा उंच मनोरा अडकला. दोन केबिन समुद्रात पडून सात जण दगावले. उरलेल्या केबिनमधल्या तेरा जणांना हेलिकॉप्टरने काढलं, कारण खाली भर समुद्र होता. याउलट कोलोन शहरात ३० जुलै २०१७ला ऱ्हाइन नदीवरचा रोपवे एक केबिन खांबाला अडकल्याने थांबला. तिथे उंचीवरून सुटका करणाऱ्या अग्निशमन जवानांनी ३२ केबिनमधल्या सुमारे ६५ लोकांना मुख्यतः दोरानेच उतरवलं. थीम पार्कचा रोपवे सहसा कमी उंचीवर आणि रस्त्याच्या जवळ असतो, म्हणून तिथे हेलिकॉप्टरची पाळी येऊ नये. आली तर नियोजनात चूक झाली असं समजावं.

प्रश्न : वारा किती झाला की बंद करतात? (रत्नागिरी)

एकाच दोराच्या गोंडोलाची मर्यादा साधारण ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या आसपास असते. त्याआधीच वेग कमी करतात. नेमका आकडा त्या जागेच्या आराखड्यात असतो आणि वारा कोणत्या दिशेने येतो यावर बराच अवलंबून असतो. दोराच्या बाजूने येणारा वारा कमी त्रास देतो, आडवा वारा केबिन खांबाकडे ढकलतो. वीज चमकत असेल तर नवे प्रवासी घेणं थांबवून केबिनमधल्यांना आधी उतरवतात. तिकीट काढलेल्यांची नाराजी पत्करूनही हे करायला हवं.

झाडांचंही लक्षात घ्या. २५ जून २०१७ला गुलमर्गच्या गोंडोलावर वादळी वाऱ्यात झाड कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. दोराच्या दोन्ही बाजूंची पट्टी किती रुंद साफ ठेवायची हे झाडाच्या पूर्ण उंचीवरून ठरतं, फांद्यांच्या पसाऱ्यावरून नाही.

प्रश्न : सह्याद्रीत आमचं छोटं पार्क आहे. डोंगराच्या टोकापर्यंत आठ जणांच्या केबिनची गोंडोला बसवायचा विचार आहे. सुटकेच्या योजनेत काय असावं? (रायगड जिल्हा)

योजना लिहायला घेण्याआधी हिशेब मांडा. समजा दोरावर एका वेळी २४ भरलेल्या केबिन आहेत, म्हणजे १९२ माणसं. एक माणूस उतरवायला ३ मिनिटं धरली तर एका केबिनला २४. पुढच्या केबिनकडे जायला आणखी १६. एकूण ४० मिनिटं. एकच पथक असेल तर सोळा तास लागतील. सहा पथकं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार केबिन, म्हणजे २ तास ४० मिनिटं. त्यात निर्णय घेऊन माणसं जागेवर पोचण्याची ४० मिनिटं मिळवा. ३ तास २० मिनिटं झाली. युरोपीय मानकाची अपेक्षा साधारण साडेतीन तासांत सगळे खाली यावेत अशी आहे, म्हणजे तुम्ही काठावर आहात.

सहा पथकं म्हणजे किमान अठरा प्रशिक्षित माणसं: प्रत्येक पथकात एक दोरावर, एक जमिनीवर दोर सांभाळायला, एक उतरलेल्यांना सावरायला. एखाद्या मंगळवारी सकाळी, शाळेच्या सहलीच्या दिवशी, ही अठरा माणसं तुमच्या आवारात असतील का? नसतील तर तिकीट खिडकीवरच्या आणि खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरच्या लोकांनाही शिकवावं लागेल, किंवा त्या दिवशी केबिनची संख्या कमी ठेवावी लागेल. आमचा सल्ला दुसऱ्या पर्यायाचाच. हजर असलेल्या पथकांना झेपतील तेवढ्याच केबिन दोरावर ठेवा.

नंतर जमीन पाहा. प्रत्येक दोन खांबांमध्ये खाली उतरलेला माणूस चालत कुठे जाईल, ते पायी फिरून ठरवा. रायगडच्या कड्यासारख्या जागी खाली उतरवलेला माणूस तरीही कड्यावरच अडकतो आणि तिथून त्याला दुसऱ्यांदा वाचवावं लागतं. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी येतं, वाटा निसरड्या होतात, रान माजतं. उन्हाळ्यात आखलेली वाट जुलैत चालून बघितल्याशिवाय नकाशावर काढू नका. तळं असेल तर बोट आणि सगळ्यांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटं तिथेच ठेवा. दोन किलोमीटरवरच्या गोदामात ती असून नसल्यासारखी. सगळ्यांत लांब उतरण्याच्या जागेपेक्षा दोर लांब असावा. ही चूक नवख्यांकडून खरंच होते, कारण खांबाची उंची मोजली जाते आणि दरीचा खोलगट भाग विसरला जातो.

निर्णयाची वेळही लिहून ठेवा. थांबल्यावर दहाव्या मिनिटाला पथकांना तयार व्हायचा निरोप जावा, मग दुरुस्ती चालू असली तरी. राखीव इंजिनावरही लाइन हलणार नाही असं तिसाव्या मिनिटापर्यंत दिसलं तर दोराची सुटका सुरू. मावळतीला दोन तास उरले असतील तर ही मर्यादा आणखी खाली आणा. ‘अजून पाच मिनिटांत होईल’ या वाक्यात दिवसाचा उजेड निघून जातो.

घोषणा दर दहा मिनिटांनी करा, नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरी. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत. केबिनमधलं बोलण्याचं यंत्र स्वतंत्र बॅटरीवर हवं.

रोज पार्क उघडण्याआधी रिकामी फेरी आणि दोन्ही ब्रेकची चाचणी. राखीव डिझेल इंजिन आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष दोर फिरवून चालवा. नुसतं इंजिन चालू करून बंद करणं म्हणजे चाचणी नव्हे, क्लच आणि जोडणी तशीच गंजत राहते. केबिनची पकड स्टेशनातून जाताना तपासणारं उपकरण प्रत्येक फेरीला बघतं. ते ज्या केबिनला नापास करेल ती लगेच बाजूला काढायची. अमेरिकी मानकात सुटकेचा सराव वर्षातून एकदा बंधनकारक आहे. आपल्या हवेत दोनदा करावा, एक मेअखेरीस आणि एक अंधार पडल्यावर.

सुरक्षेचं उपकरण वारंवार विनाकारण लागत असेल, तर ते बांधून ठेवू नका. इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावर २३ मे २०२१ला ओढणारा दोर तुटला, तेव्हा केबिनचा आणीबाणीचा ब्रेक लागायला हवा होता. सारखा लागतो म्हणून तो अडकण घालून बंद करून ठेवला होता. चौदा माणसं गेली, एक लहान मुलगा तेवढा वाचला. तो रोपवे वेगळ्या प्रकारचा होता, पण हा मोह प्रत्येक ठिकाणी येतो. उपकरण ज्या कारणाने लागतंय ते सापडेपर्यंत रोपवे बंद ठेवायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी रोपवे बांधू नये.

प्रश्न : केबिन थांबली तर आत बसलेल्यांनी काय करावं? दार उघडून हवा घ्यावी का? (ठाणे)

दाराला हात लावू नका. उभी असलेली बंद केबिन ही त्या क्षणी तुमच्यासाठी सगळ्यांत सुरक्षित जागा आहे. खिडकीचे झरोके उघडा, उन्हाच्या बाजूची माणसं सावलीच्या बाजूला घ्या, पण सगळे एकाच बाकावर नको, केबिन कलते. केबिन मुद्दाम हलवू नका. बाकाखाली किंवा छताला आणीबाणीची पेटी असेल तर घोषणा ऐकून मगच उघडा. पाणी घोटाघोटाने प्या.

फोनची बॅटरी वाचवा. एकानेच फोन चालू ठेवावा. लघवीची अडचण येते, विशेषतः मुलांची आणि मधुमेहींची. चढण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या आणि पिशवीत एक रिकामी रुंद तोंडाची बाटली ठेवा. वृद्धांची एका वेळची औषधं, मधुमेहींसाठी साखर, दम्याचा पंप आणि संध्याकाळी बसणार असाल तर एक शाल सोबत असू द्या. ज्याला घाबरायला होतंय त्याला खाली न बघता लांबच्या एका खांबाकडे बघत हळू श्वास सोडायला सांगा.

प्रश्न : शाळेची सहल नेताना काही खास काळजी? (सोलापूर)

प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा माणूस. मुलांचा गट फुटून एकटीदुकटी मुलं अनोळखी लोकांबरोबर बसता कामा नयेत. केबिनवर बाहेर आणि आत क्रमांक लिहिलेला असतो. कोणती मुलं कोणत्या क्रमांकात बसली ते खाली थांबलेल्या शिक्षकाने चढतानाच वहीत लिहून घ्यावं आणि त्या यादीचा फोटो स्टेशनप्रमुखाला द्यावा. अपस्मार, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाच्या नावापुढे तशी खूण करावी. सुटका सुरू झाली तर पथकाला आधी कुठे जायचं ते त्या कागदावरून ठरवता येतं.